माळावरची चवर

डहाणू, १२ जुलै १९५७

काळी,

हे पत्र तुला भिकी वाचून दाखवील. भिकी माझी भाची, थोरल्या भावाची मुलगी. यंदाच्या वैशाखात लग्न होऊन ती उंबरगावच्या किनाऱ्यावर नांदायला गेली, आणि तू ज्या वाडीवर कामाला आहेस तिथं ती मासळी विकायला येते. परवा धाकट्या डहाणूला माहेरी आली तेव्हा सहज म्हणाली, "आत्या, तिकडं झरीची एक बाई आहे. झाडांशी बोलते, माणसांशी नाही." मी लगेच ओळखलं. दीड वर्षं तू कुठं आहेस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं, हेही खरं.

भिकी, तू हे वाचून दाखव आणि कागद तिच्यापाशीच ठेव. घरी नेऊ नकोस.

मी अजून बानूबाईंच्या वाडीतच आहे. विहिरीमागची पक्की खोली मला मिळाली. दाराला कडी आहे, खिडकीतून चिकूची रांग दिसते. भावजयीच्या घरात वाळत घातलेल्या बोंबलांच्या खाली मी सात वर्षं अंथरूण घातलं ते तुला ठाऊक आहे. घरधन्याचं होडकं परत आलं नाही त्या दिवसापासून मला स्वतःचं असं दार नव्हतं. आता आहे.

लिहायचं कारण चवर. तू पहिल्यांदा झरीहून पदरात बांधून दोन गड्डे आणलेस, त्याला चार पावसाळे झाले. रानातली हळदच आहे, पण फुलते तेव्हा बघ, असं म्हणालीस. बाई रोज वाफ्यापाशी येऊन विचारायच्या आणि तू हसायचीस. दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणात दांडा वर आला आणि त्याच्या टोकाला गुलाबी पाकळ्यांचा तुरा उघडला, तेव्हा बाईंनी खुर्ची आणून वाफ्यासमोर मांडली होती.

त्या वाफ्यातली अजून आहेत. पण बाकीची, म्हणजे नंतर लावलेली, कुजतात. चिकूखाली सावली आहे, थंडावा आहे, पाटाचं पाणी रोज फिरतं, तरी पानं अर्धी होतात आणि देठाशी काळी पडतात. उपटलं तर गड्डा हातात लिबलिबीत येतो. वाफा तू बघायचीस, मी नुसती काठावर उभी राहायचे, ते आता कळतंय. काय चुकतंय ते भिकीला सांगशील तर बरं होईल.

फाटकापाशी त्या दिवशी जे झालं त्याबद्दल लिहायचं मनात होतं. पण गोंधळ इतका होता की कोण काय बोललं ते मला नीट आठवत नाही. तुझ्या सासूनं काहीतरी विचारलं, बाईंनी काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून काहीतरी निघालं. तू स्वतःसाठी एक शब्द बोलली नाहीस. तू बोलली असतीस तर कदाचित वेगळं झालं असतं.

तुझी हिरी सहा वर्षांची झाली असेल. तिला माझी आठवण आहे का?

वेणू

*

डहाणू, ३ सप्टेंबर १९५८

काळी,

तुझा निरोप भिकीनं दिला त्याला वर्ष झालं. पत्र ऐकून तू तशीच खुरपत राहिलीस म्हणाली. ती जायला निघाली तेव्हा मान वर न करता एवढंच बोललीस, "दिवाळीनंतर पाणी तोड म्हणावं. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओततात का?"

माझ्याबद्दल काही नाही, तुझ्याबद्दल काही नाही. फक्त झाडाबद्दल.

मी पाणी तोडलं. त्यासाठी पाट वळवावा लागला, कारण चिकूला पाणी हवं आणि चवरीला नको. वाफा हातभर उंच केला, खाली दगड घातले, मातीत पालापाचोळा कालवला. तू पहिला वाफा उताराला का केला होतास तेही तेव्हा उमगलं. थंडावा हवा, चिखल नको. हिवाळाभर वाफा उघडा बोडका पडला होता, बाई म्हणाल्या मेली वाटतं. मी म्हटलं, झोपली आहे. तुझे शब्द मी माझे म्हणून वापरले. मला त्याची सवय आहे.

यंदा बावीस तुरे आले. बाईंनी चार कुंड्या मुंबईच्या प्रदर्शनात नेल्या. तिथं डोंगरातली वनस्पती बागेत वाढवल्याबद्दल एक चांदीचं पदक मिळालं. बाईंनी माझं नाव सांगितलं होतं. पदक मी ट्रंकेत तळाशी ठेवलं आहे, ते कुणाला दाखवलं नाही. दाखवायला कुणी विचारतही नाही म्हणा.

एक गोष्ट मागच्या पत्रात खोटी लिहिली. मला सगळं आठवतं. कोण कुठं उभं होतं तेही आठवतं. पण ती गोष्ट या कागदावर लिहिता येत नाही. भिकी माझ्या भावाची मुलगी आहे, आणि ती वाचते आहे. तुला कळेल.

झरीच्या बाजूची एक गवतवाली बाजारात भेटली होती. माळावर यंदाही काही उगवलं नाही म्हणाली, नुसतं गवत. पावसाळ्यात पोरांची पोटं बिघडली तेव्हा द्यायला चवरीचं सत्त्व नव्हतं. मी तिच्याकडून नको असताना दोन पेंढ्या गवत घेतलं.

वेणू

*

डहाणू, २० जून १९६०

काळी,

आता तू गुजरातेत आणि मी महाराष्ट्रात. तुझं उंबरगाव तिकडं गेलं, झरी इकडं राहिली. भिकी म्हणते, तिकडं कुणाला काही फरक पडला नाही, मासळीच्या ओट्यावरची पाटी तेवढी बदलायची आहे.

मी एक काम केलं ते तुला सांगते. मेच्या शेवटी साठ गड्डे टोपलीत घालून झरीला गेले. गावात गेले नाही. ओढ्याच्या बाजूनं चढले आणि माळावर गेले. तू मला एकदाच नेलं होतंस तिथं, माझी मुलगी गेली त्या पावसाळ्यात. रोज रडतेस तर चल एक जागा दाखवते म्हणाली होतीस. तेव्हा सगळा माळ गुलाबी होता आणि धुकं गुडघ्यापर्यंत होतं. तू मला माळाचे चार भाग दाखवलेस. दरवर्षी बायकांनी एकच भाग खणायचा, पानं पिवळी पडल्यावर, आणि प्रत्येक गड्ड्याची बोटभर फोड परत मातीत ठेवायची. चौथ्या वर्षी तो भाग पुन्हा भरलेला असतो. गड्डे किसून, पाण्यात धुऊन, खाली बसलेलं पांढरं सत्त्व उन्हात वाळवायचं. बाळंतिणीला आणि तान्ह्याला त्याची खीर. तू म्हणाली होतीस, ही जागा दाखवायची नसते, पण तू आता आमचीच.

मी साठच्या साठ लावले. आज पुन्हा जाऊन आले. पाऊस सुरू होऊन बारा दिवस झाले. एकही वर आलेला नाही. उकरून बघितलं तर निम्मे सडलेले, निम्मे वाहून ओढ्यात गेलेले. बागेत वाढलेले गड्डे मऊ झाले होते. दिसायला मोठे, पण डोंगराचा पाऊस त्यांना सोसवला नाही. तुला विचारून लावायला हवे होते. पण विचारलं असतं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

उतरताना ओढ्यावर तुझी सासू बुधीबाई दिसली. ती भांडी घासत होती. मी झाडामागं उभी राहिले, ती जाईपर्यंत. पन्नाशीकडं आलेली बाई मी, आणि झाडामागं लपले.

वेणू

*

डहाणू, ११ फेब्रुवारी १९६२

काळी, आणि हिरी,

तुझा घरधनी जिव्या गेल्याचं मला काल कळलं. पौषात गेला म्हणे, तापात. तुला निरोप मिळाला होता, तू संजाणपर्यंत आलीस आणि तिथून परत फिरलीस, कारण गावात येऊ देतील की नाही याची खात्री नव्हती. हे भिकीनं सांगितलं. सहा वर्षं त्यानं दुसरी बायको केली नाही हेही तिनंच सांगितलं.

भिकी म्हणाली, आता मी वाचायची गरज नाही, हिरी शाळेत जाते, सगळं वाचते. म्हणून हे पत्र पाकिटात घालून चिकटवलं आहे. भावाच्या मुलीसमोर लाज वाटत होती म्हणून चार-पाच वर्षं गप्प राहिले. आता तुझ्या मुलीसमोर सांगायचं आहे. हे जास्त कठीण आहे, आणि तसंच असायला हवं.

हिरी, तू अकरा वर्षांची आहेस. हे आईला मोठ्यानं वाचून दाखव. मधे थांबू नकोस, काही गाळू नकोस. मी तुझी वेणूमावशी. तू लहान असताना मी तुला चिकूची साल काढून बशीतून गर भरवायचे. तुझ्या आईला गावानं काढलं ते माझ्यामुळं.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बानूबाईंच्या मैत्रिणींनी आमच्या वाफ्यातली चवर बघितली होती. कुणाची बाग लोणावळ्याला, कुणाची महाबळेश्वरला. सगळ्यांना हवी होती. बाई मला म्हणाल्या, "वेणू, तीनशे गड्डे मिळतील का? मिळाले तर विहिरीमागची खोली तुझी." त्यांनी चोरी कर असं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, काळीच्या गावचे लोक देतात, विचारून आणते. विचारलं कुणालाच नाही.

त्या आठवड्यात तुझी आई वाडीतल्या झोपडीत तापानं फणफणली होती. बाकीची मजूर माणसं घरी गेली होती. मी तिला पेज करून द्यायचे, कपाळावर ओलं फडकं ठेवायचे. तिसऱ्या दिवशी तिला शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून सांगितलं, भावाकडं जाऊन येते. आणि वाडीची बैलगाडी आणि भाड्याचे चार गडी घेऊन झरीला गेले. गाव रिकामं होतं. सगळे गवत कापायला बाहेरगावी गेले होते, मला ते माहीत होतं. काळी, तूच बोलता बोलता सांगितलं होतंस.

गड्यांना मी एक भाग दाखवला होता. एका भागात तीनशे निघाले असते. पण पानं सुकून गेलेली, कुठला भाग कुठं संपतो ते मलाच कळेना. गडी खणत सुटले. मी थांबवलं नाही. जास्त निघाले तर काही आपल्या वाफ्यात लावता येतील, असं मनात आलं. दोन दिवसांत सगळा माळ उलथा झाला. फोडी परत ठेवायला मी सांगितलं नाही. गाडी उतरवताना मागं बघितलं तर नुसती लाल माती दिसत होती. वाडीत परत आले तेव्हा तुझ्या आईचा ताप उतरला होता. तिनं विचारलं, भाऊ बरा आहे का? मी म्हटलं, बरा आहे.

महिन्याभरानं लोक फाटकापाशी आले. बुधीबाई, जिव्या आणि गावचे दोघं. एका म्हाताऱ्यानं लांबून गाडी बघितली होती आणि गाडीत बाई होती एवढंच त्याला दिसलं होतं. बानूबाई बाहेर आल्या. बुधीबाईनं विचारलं, जागा कुणी दाखवली आणि खणलं कुणी. बाईंनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "वेणू, तू तर म्हणाली होतीस की यांनी दिले."

काळी, तू तेव्हा वाफ्यातून उठून आली होतीस. हाताला माती होती आणि हिरी तुझ्या लुगड्याला धरून होती. मला समोर दोन दारं दिसली. एक फाटक आणि एक माझ्या खोलीचं. आणि मी म्हटलं, "काळीनं दिले. तिनंच माणसं लावून खणले."

एवढंच वाक्य. ते मला शब्दन् शब्द आठवतं, कायम आठवत होतं.

तू तापात पडली होतीस हे मला एकटीला माहीत होतं. तू सांगितलं असतंस तरी साक्ष माझीच लागली असती. तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं होतं तू ओरडशील. तू फक्त हिरीला उचलून घेतलंस. जिव्यानं तुला विचारलं, खरं का? तू म्हणालीस, "जागा मी दाखवली." तेवढं खरं होतं म्हणून तेवढंच म्हणालीस. बाकीचं त्यांनी माझ्या शब्दावर धरलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तू बोलली असतीस तर वेगळं झालं असतं. ते वाक्य मी कोणत्या तोंडानं लिहिलं मला माहीत नाही. ते परत घेते. कागदावरचं परत घेता येत नसेल तर हिरी, ते पत्र जाळून टाक.

मी माफी मागत नाही. जिव्या गेल्यावर ती मागायची वेळ गेली. मी काय करणार ते काम झालं की कळवीन.

वेणू

*

झरी, २९ ऑक्टोबर १९६३

काळी,

वर्ष-दीड वर्ष लागलं, कारण मी घाबरट आहे. हे आधीच लिहिते म्हणजे पुढचं वाचताना तुला मी फार धीराची वाटू नये.

आधी बानूबाईंना सांगितलं. त्या आता थकल्या आहेत, मुंबईला मुलाकडं जायचं ठरलं आहे. सगळं ऐकून त्यांनी चश्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मी प्रदर्शनात कुणाचं नाव सांगितलं मग?" मी ट्रंकेतून पदक काढून त्यांच्यासमोर ठेवलं, खोलीची किल्ली त्यावर ठेवली. खोली सोड असं त्या म्हणाल्या नाहीत. वाफ्यातली चवर मागितली तेव्हा एवढंच म्हणाल्या, सगळी घेऊन जा, मला आता बघवणार नाही.

मग झरी. भात कापून झालं होतं, लोक खळ्यावर होते. मी बुधीबाईच्या अंगणात उभी राहिले आणि जे तुला लिहिलं तेच सांगितलं. तू तापात होतीस हे दोनदा सांगितलं. मला वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुतेक मारलं नाही. एकानं विचारलं, आता सांगून काय?

बुधीबाई सूप घेऊन बसली होती. ती पाखडत राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "तू नुसतं बोललीस. सुनेला घराबाहेर काढलं ते मी. माझा लेक रोज त्या वाटेकडं बघत जेवायचा आणि मी त्याला म्हणायचे, विसर. तुझं तू बघ, माझं मला बघू दे."

मी म्हटलं, गड्डे आणले आहेत.

ती म्हणाली, "माळ रिकामा आहे. टोपलीभर गड्ड्यांनी भरतो का तो? राहून बघ मग."

तेव्हापासून मी तिच्या पडवीत राहते. ती मला तिच्या पंगतीला घेत नाही, भाकरी बाहेर आणून ठेवते. पण ठेवते.

बागेतले मऊ गड्डे थेट माळावर घालायचे नाहीत एवढं मी शिकले होते. तू लावलेल्या पहिल्या वाफ्यातले, ज्यांना हिवाळ्यात कधीच पाणी मिळालं नव्हतं, ते वेगळे केले. ते सहासष्ट निघाले. ते घराच्या मागच्या उतारावर लावले, अर्धे ऊन, अर्धी सावली. वरच्या अंगाला दगडांची ओळ घातली म्हणजे पाण्याचा लोट फुटतो आणि माती धरून राहते. बाकीचे शेजारच्या वाफ्यात कडक करायला ठेवले आहेत. दोन हिवाळे उपाशी राहतील आणि मग माळावर जातील. बुधीबाई लांबून बघते. परवा पहिल्यांदा बोलली. दगड उलटे लावलेस म्हणाली. मी सगळे काढून पुन्हा लावले.

गावानं तुझ्यासाठी माणूस पाठवायचं ठरवलं आहे. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. तुझ्यावरचं बोट उचललं गेलं आहे, एवढं तुला कळावं म्हणून.

वेणू

*

झरी, १८ ऑगस्ट १९६५

काळी,

हिरीचं पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे तिचं. गावच्या माणसाला तू दोनदा रिकामं परत पाठवलंस, म्हणून मला वाटलं होतं तू येणारच नाहीस. तिनं दोनच ओळी लिहिल्या आहेत. आई ऋषिपंचमीनंतरच्या रविवारी येईल, मला घेऊन. वेणूमावशी तिथं नको, असं आई म्हणते.

मी ते बुधीबाईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "तू काय करणार?" मी म्हटलं, जाणार. ती म्हणाली, "दोन पावसाळे इथं राबलीस, मी सांगते तिला." मी नको म्हटलं. काळी, मी तुझ्या जागी असते तर पत्रसुद्धा लिहू दिलं नसतं. तुला कुणी समजवायला लागलं तर ऐकू नकोस. तुझं बरोबर आहे.

भावाचा निरोप आला आहे. भावजयीला आता गुडघ्यांमुळं बोंबील वाळवायच्या मांडवावर चढता येत नाही, माझी मदत होईल. मी शनिवारी सकाळी निघेन. तलासरीपर्यंत चालत आणि तिथून एस.टी. तू संजाणकडून येशील, म्हणजे आपली वाट एक नाही.

पडवी सारवून ठेवली आहे. जिव्याची कोयती आणि घोंगडी बुधीबाईनं आढ्याला बांधून ठेवली होती, ती उतरवून पुसली आहेत. मी त्यांना हात लावावा की नाही कळत नव्हतं. तिनंच पुसायला सांगितली.

आता माळाचं लिहिते. ते तुला माहीत हवं, कारण आता ते तुला बघायचं आहे.

चारांपैकी एकच भाग भरला आहे, ओढ्याकडचा. दोनशे चाळीस रोपं मोजली. त्यातल्या दीडशेंना तुरे आहेत. हे यंदा खणायचे नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत. बुधीबाईला घाई आहे, तिला मरण्याआधी एकदा नातवंडांच्या तोंडी सत्त्व पडलेलं बघायचं आहे, पण तिला थांबव. माझं ती ऐकत नाही. दुसऱ्या भागात सत्तर रोपं आहेत, पानं आहेत, फूल नाही. तिथं सकाळचं धुकं लवकर उडतं आणि माती कोरडी पडते. मी पाऊस उघडतो तेव्हा ओढ्याचं पाणी मडक्यानं शिंपडते. सकाळीच, दुपारी नाही. उरलेले दोन भाग रिकामे आहेत. घराच्या मागच्या वाफ्यात कडक झालेले एकशेदहा गड्डे आहेत, ते पुढच्या वैशाखाच्या शेवटी लावायचे. त्यांच्यावर काटक्या रोवून खुणा केल्या आहेत म्हणजे हिवाळ्यात कुणी चुकून खणणार नाही.

गवत उपटताना चवरीचं कोवळं पान आणि त्या रुंद पात्याच्या गवताचं पान सारखं दिसतं. माझ्या हातून पहिल्या वर्षी नऊ रोपं उपटली गेली. तुझ्या हातून तसं होणार नाही, पण हिरीला दाखव.

माझ्याबद्दल लिहायला आता काही उरलं नाही. तुला भेटायची इच्छा आहे की नाही असं बुधीबाईनं विचारलं होतं. मी तिला उत्तर दिलं नाही, आणि तुलाही देत नाही. ते तुझ्यावर ओझं होईल.

हे पत्र टपालात घालत नाही. पडवीतल्या बसायच्या पाटाखाली ठेवून जाते. उत्तर पाठवू नकोस.

वरच्या कोपऱ्यात, मोठ्या खडकाच्या आडोशाला सात रोपांची पानं कडेनं पिवळी पडत आहेत. पाणी कमी करून बघितलं, वाढवून बघितलं, माती बदलली. मला कारण सापडलं नाही. आल्यावर आधी ती बघ.

वेणू